ओलाव्यातले पिवळे जाळे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळची बरीच पत्रे श्लेष्मबुरशीविषयी, म्हणजे स्लाइम मोल्डविषयी आहेत. पाऊस स्थिरावला की बागेत, लाकडाच्या राशीत, कुंडीत ती दिसू लागते, आणि बघणारा प्रत्येकजण तिला वेगळे नाव देतो. पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला उपयोगी पडते.

प्रश्न: सत्तरीत आमचे कुळागर आहे. पोफळींच्या बुंध्यांशी नारळाची सोडणे आणि झावळ्यांचा पाचोळा घालतो. जुलैत एका रात्रीत त्यावर हळदीच्या लेपासारखा पिवळाधमक, फेसाळ थर आला आणि दोन पोफळींवर वीतभर चढला. दुसऱ्या दिवशी तो फिकट आणि कडक झाला. काठी लावली तर आतून काळपट भुकटी उडाली. हा कोळेरोगाचाच प्रकार का? बोर्डो मारू का? (एक बागायतदार, वाळपई)

उत्तर: नाही. कोळेरोग फायटोप्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे होतो. त्यात कोवळ्या सुपाऱ्यांवर देठाकडून पाणचट डाग पडतात आणि फळे गळतात. एक टक्का बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) घोसांवर मारायचे ते त्यासाठी, पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा साधारण ४० ते ४५ दिवसांनी. ती फवारणी चुकवू नका, पण बुंध्यावरच्या या पिवळ्या थरासाठी एक पंपही खर्च करू नका.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती फुलिगो सेप्टिका असावी. ती झाडाच्या पेशींत शिरत नाही, मुळांतून काही शोषत नाही. कुजत्या सोडणांवर वाढलेले जीवाणू, यीस्ट आणि बुरशीचे बीजाणू हे तिचे अन्न. पोफळीवर ती चढली ती फक्त उंच, जरा कोरडी जागा शोधत, कारण बीजाणू तयार करायची वेळ झाली की ती ओलीतून बाहेर पडते. सकाळचा फेसाळ गोळा साधारण दिवसभरात चुन्याच्या कवचाचा होतो आणि आत काळपट बीजाणूंची भुकटी तयार होते. काठीने उडाली ती हीच.

नको असेल तर कडक होण्याआधी, ओली असतानाच फावड्याने खालच्या पाचोळ्यासकट उचला. पाण्याचा जोरदार फवारा मारून ती जात नाही, बीजाणू मात्र बागभर पसरतात. रोपवाटिकेत लहान रोपाची पानेच झाकली गेली तर उजेड अडतो, तेवढ्यापुरते पान हाताने पुसून घ्या. कुळागरात तशीच राहू दिली तरी काही बिघडत नाही.

प्रश्न: चवथीच्या आधी अंगण साफ करताना तुळशीच्या कुंडीत असाच पिवळा गोळा सापडला. घरात लहान मुले आणि मांजर आहे. विषारी असतो का? (एक गृहिणी, डिचोली)

उत्तर: हात लागल्याने विषबाधा होत नाही. काळजी घ्यायची ती सुकलेल्या भुकटीची: दमा किंवा ॲलर्जिक सर्दी असणाऱ्यांना हे बीजाणू नाकात गेल्यास त्रास होऊ शकतो. अशा माणसाने ते काम दुसऱ्याकडे द्यावे, किंवा गोळ्यावर आधी हलके पाणी शिंपडून, नाकाला रुमाल बांधून उचलावे. तुळशीला काहीही अपाय नाही. कुंडीत पुन्हा पुन्हा येत असेल तर माती सतत चिंब राहते आहे एवढाच त्याचा अर्थ. कुंडीखालचे भोक बुजले आहे का पाहा.

प्रश्न: मी अकरावीत शिकते. आमच्या पुस्तकात लिहिले आहे की अनुकूल परिस्थितीत स्लाइम मोल्ड एकत्र जमून प्लाझ्मोडियम बनवतात. दुसरीकडे वाचले की प्लाझ्मोडियम ही एकच पेशी असते. मग खरे काय? (एक विद्यार्थिनी, म्हापसा)

उत्तर: तुझी शंका रास्त आहे. एका नावाखाली दोन वेगळे प्राणिसदृश गट शिकवले जातात, म्हणून हा गोंधळ होतो. दोन्ही अमीबोझोआ या शाखेतले, दोन्ही बीजाणू बनवतात, पण शरीर घडवण्याची त्यांची रीत अगदी वेगळी आहे.

पहिला गट मिक्सोमायसीट. वरच्या पत्रातली फुलिगो आणि प्रयोगशाळेत वाढवली जाणारी फायझेरम पॉलिसेफॅलम या दोन्ही त्यातल्या. बीजाणूपासून सुरुवात करू. तो साधारण १० मायक्रोमीटरचा, जाड भित्तीचा. पाणी मिळाले की भित्ती फुटते आणि आतून एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली पेशी बाहेर येते. ओलसर पृष्ठभागावर ती अमीबा होऊन सरपटते. पाण्याचा थर वाढला की तिला कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे तंतू, फुटतात आणि ती पोहू लागते. पाणी ओसरले की पुन्हा अमीबा. दोन्ही रूपे जीवाणू खातात, पण विभागणी अमीबारूपातच होते. कशाभिका असलेल्या पेशीला विभागायचे तर आधी कशाभिका गमवाव्या लागतात. उपासमार झाली किंवा जमीन सुकली तर अमीबा स्वतःभोवती आवरण करून पुटी होतो आणि वाट पाहतो.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. जुळत्या प्रकारच्या फक्त दोन एकगुणित पेशींचे मीलन होते आणि एक द्विगुणित युग्मनज तयार होतो. (नर आणि मादी असे दोनच प्रकार इथे नाहीत. फायझेरममध्ये मीलन ठरवणाऱ्या एका जनुकाची डझनाहून अधिक रूपे सापडली आहेत, आणि रूपे वेगळी असली तरच त्या मीलनातून पुढे प्लाझ्मोडियम वाढतो.) युग्मनजाचे केंद्रक विभागते, पण पेशी विभागत नाही. दोनाची चार, चाराची आठ केंद्रके, आणि सगळी एकाच पेशीपटलाच्या आत. पेट्रीबशीभर पसरलेल्या जाळ्यात कोट्यवधी केंद्रके असतात, मध्ये एकही आडभिंत नसते. म्हणजे प्लाझ्मोडियम हा जमाव नाही, वाढत गेलेली एकच पेशी आहे. एकाच वंशाचे दोन प्लाझ्मोडियम भेटले तर मिसळून एक होतात हे खरे, पण त्याची सुरुवात जमण्यातून झालेली नसते.

खरोखर जमतात ते दुसऱ्या गटातले, डिक्टिओस्टेलियमसारखे पेशीय स्लाइम मोल्ड. केनेथ रेपर यांनी डिक्टिओस्टेलियम डिस्कॉयडियमचे वर्णन १९३५ साली केले. त्याचे अमीबा मातीत सुटे राहून जीवाणू खातात. अन्न संपले की काही पेशी सायक्लिक एएमपी नावाचे रसायन साधारण दर सहा मिनिटांनी ठोक्याठोक्याने सोडतात. शेजारची पेशी ते ओळखते, उगमाकडे सरकते आणि स्वतःही तेच रसायन सोडते, म्हणून संदेश दूरवर पोचतो. लाखभर पेशींचा सरपटणारा गोळा होतो, उजेडाकडे आणि उबेकडे जातो, मग उभा राहतो. साधारण पंचमांश पेशी देठ होऊन मरतात, उरलेल्या देठाच्या टोकावर बीजाणू होतात. उपासमारीपासून इथपर्यंत सुमारे २४ तास. या सगळ्या काळात प्रत्येक पेशीचे पटल आणि केंद्रक स्वतंत्र राहते.

परीक्षेत पुस्तकातले वाक्य लिहावे लागले तर लिही, पण त्याखाली एक ओळ जोड: मिक्सोमायसीटमध्ये प्लाझ्मोडियम एक बहुकेंद्रकी पेशी, डिक्टिओस्टेलियममध्ये सुट्या पेशींचा समूह. आकृतीत अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांचे संच निम्मे करणारे विभाजन, कुठे दाखवायचे हेही पुष्कळांचे चुकते. मिक्सोमायसीटमध्ये ते कोवळ्या बीजाणूच्या आत होते. चार केंद्रकांपैकी तीन नाश पावतात, एक उरते. म्हणून बीजाणू एकगुणित आणि प्लाझ्मोडियम द्विगुणित.

प्रश्न: प्लाझ्मोडियममधली कोट्यवधी केंद्रके एकाच वेळी विभागतात ती कशी? आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या शिरांतला प्रवाह मध्येच उलटा का फिरतो? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, पणजी)

उत्तर: दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. वाढत्या फायझेरममध्ये दर ८ ते १२ तासांनी सगळी केंद्रके काही मिनिटांच्या फरकाने विभागतात. पेशीद्रव सतत घुसळले जात असते, त्यामुळे विभाजन घडवणारी द्रव्ये सगळ्या केंद्रकांना सारखीच मिळतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरल्ड रश आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात विभाजनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे दोन प्लाझ्मोडियम एकत्र केले. मिसळलेल्या शरीरात सगळी केंद्रके एकाच वेळी विभागली, आणि ती वेळ दोन्हींच्या स्वतंत्र वेळांच्या मधली होती. पुढारलेली केंद्रके थांबली, मागासलेली पुढे ओढली गेली. पेशीचक्राचे घड्याळ केंद्रकात बंदिस्त नसून पेशीद्रवात आहे, हे इतक्या साधेपणाने दाखवणारे प्रयोग थोडेच असतील.

अभ्यासाला घेण्यासारखे आणखी दोन फरक. प्लाझ्मोडियममध्ये जी-१ टप्पा, म्हणजे विभाजन आणि डीएनएची नक्कल यांमधला काळ, नसतो, विभाजन संपले की डीएनएची नक्कल लगेच सुरू होते. शिवाय इथले समसूत्री विभाजन बंद असते, म्हणजे केंद्रकपटल टिकून राहते आणि गुणसूत्रे ओढून वेगळी करणारा तंतूंचा तर्कू आतच तयार होतो. त्याच जातीच्या अमीबामध्ये मात्र पटल विरघळते आणि सेंट्रिओल दिसतात. एकाच जनुकसंचातून विभाजनाच्या दोन रीती!

प्रत्यक्ष बघायचे असेल तर तीन-चार सेंटिमीटरचा, अखंड, भरभर वाढणारा प्लाझ्मोडियम घ्या. तुकडे झालेला घेतला तर प्रत्येक तुकड्याची वेळ वेगळी पडत जाते आणि प्रयोग फसतो. दर अर्ध्या तासाने कडेचा टाचणीच्या डोक्याएवढा अंश अल्कोहोल आणि ग्लिसरीनच्या मिश्रणात काचपट्टीवर पसरून फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. एरवी केंद्रकात मोठी केंद्रिका ठळक दिसते. ती नाहीशी झाली की विभाजन चालू आहे असे समजा.

प्रवाहाबद्दल. शिरेची भिंत घट्ट जेलसारखी असते, तिच्यात ॲक्टिन आणि मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांचे तंतू असतात. भिंत आळीपाळीने आकुंचन पावते आणि आतले पातळ पेशीद्रव दाबाखाली पुढे जाते. साधारण एक-दीड मिनिटाने दाबाची बाजू बदलते, प्रवाह क्षणभर थबकतो आणि उलटा वाहतो. वेग सेकंदाला एक मिलिमीटरपर्यंत जातो, पेशीतल्या हालचालीसाठी हा वेग विलक्षण आहे. पुढे जाणारा भाग परत येणाऱ्यापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून सगळे शरीर पुढे सरकते, तासाला एखादा सेंटिमीटर किंवा अधिक. हातानो आणि ओसावा यांनी १९६६ मध्ये याच जीवातून ॲक्टिन वेगळे काढले, तेव्हा ते स्नायूंपुरते नाही हे स्पष्ट झाले. एक सावधगिरी: स्नायूत कॅल्शियम आकुंचन सुरू करते, इथे ते आकुंचन रोखते. उत्तरपत्रिकेत स्नायूची यंत्रणा जशीच्या तशी उतरवू नका.

प्रश्न: शाळेत फायझेरम वाढवायचा आहे. सुकवलेला नमुना मागवला, तो जागाही झाला, पण दोन-तीन दिवसांत ओट्सवर हिरवी-काळी बुरशी येते आणि पिवळे जाळे मरते. कुठे चुकते? (जीवशास्त्राच्या शिक्षिका, फोंडा)

उत्तर: बहुतेक ठिकाणी तीनच गोष्टी नडतात: खाणे जास्त, माध्यम पौष्टिक आणि बशी हवाबंद.

माध्यम साध्या पाण्याचे करा. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम आगर पावडर, दुसरे काही नाही. साखर, मीठ, दूध घातलेली चायना ग्रासची पाककृती इथे चालणार नाही, कारण साखरेवर बुरशी आधी पोचते आणि मिठापासून प्लाझ्मोडियम पळतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून उकळून गार केलेले किंवा रात्रभर उघडे ठेवलेले पाणी घ्या. काचेच्या बाटलीचे झाकण सैल ठेवून प्रेशर कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर २० मिनिटे ठेवा. कुकर आपोआप थंड होऊ द्या. बाटली हाताला सोसेल इतकी गरम राहिली की ९ सेंमीच्या बशीत २५ मिली ओता, सुमारे ४ मिमी जाडीचा थर होतो. अगदी कढत ओतले तर झाकणाला पाणी धरते आणि ते थेंब पडून जाळे चिकचिकीत होते. वर्गात पंखा चालू असताना ओतू नका.

सुकलेल्या नमुन्याचा ५ मिमीचा तुकडा मध्ये ठेवा, पाण्याचा एक थेंब सोडा, बशी अंधारात ठेवा. साधारण १२ ते २४ तासांत पिवळी कड बाहेर येते. त्यानंतरच ओट्स द्या, एका बशीला एक किंवा दोन पाकळ्या, अगदी साधे ओट्स. मसाला ओट्समध्ये मीठ असते. पाकळी पूर्ण झाकली गेली की दुसरी. खाऊन पांढुरकी झालेली पाकळी चिमट्याने काढून टाका, बुरशीचे घर तीच होते. झाकणावर चिकटपट्टी गुंडाळू नका, या पेशीला प्राणवायू लागतो.

बुरशी आलीच तर बशी फेकू नका. प्लाझ्मोडियम बुरशीपेक्षा वेगाने चालतो, त्याचाच उपयोग करा. पुढे सरकलेल्या स्वच्छ कडेचा एक सेंटिमीटरचा चौकोन आगरसकट कापून नव्या बशीत ठेवा, ओट्स न देता. तो एक दिवस कोऱ्या आगरवर चालला की बुरशीचे बीजाणू मागे झडतात. पुन्हा पुढची कड कापा. दोन-तीनदा असे केले की बहुधा साफ होतो. एरवीही दर तीन-चार दिवसांनी नवी बशी द्यावी.

तापमान २२ ते २६ अंश उत्तम, ३० च्या वर तो कोमेजतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग ठेवू नका. जुलै ते सप्टेंबरमधला गारवा त्याला मानवतो. त्या दिवसांत हवेत बुरशीचे बीजाणू जास्त असतात खरे, पण वरची पद्धत सांभाळली तर उष्णतेपेक्षा बुरशीशी झगडणे सोपे.

सुट्टीत जपायचा असेल तर ओल्या गाळणकागदावर, अन्न न देता, अंधारात एक-दोन दिवसांत हळूहळू सुकू द्या. त्याची नारिंगी, खरखरीत पापडी होते, हा स्क्लेरोशियम. पेशीद्रव लहान लहान बहुकेंद्रकी गोळ्यांत विभागून प्रत्येकाभोवती आवरण येते. पंख्याखाली झटपट सुकवला तर ही तयारी होतच नाही आणि नुसते मेलेले पिवळे डाग उरतात. आपल्याकडे पावसात उलटी अडचण येते, कागद सुकतच नाही. मग बशीचे झाकण किंचित कलते ठेवून ती मोठ्या डब्यात ठेवा आणि एका कोपऱ्यात सिलिका जेलची थोडी पुडी ठेवा. पूर्ण सुकल्यावर पाकिटात, कोरड्या थंड जागी. महिनोन्महिने टिकतो.

बीजाणू दाखवायचे असतील तर चांगला वाढलेला प्लाझ्मोडियम चार-पाच दिवस अंधारात उपाशी ठेवा, मग काही तास उजेडात. पिवळ्या रंगद्रव्याच्या जातींना उजेड लागतोच. उपासाआधीच उजेड दाखवला तर तो नुसता सावलीत पळतो.

प्रश्न: मेंदू नसताना हा जीव चक्रव्यूह सोडवतो, हे खरे का? (निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव)

उत्तर: खरे आहे, पण ‘सोडवतो’ म्हणजे काय ते समजून घ्या. जपानी संशोधक नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी २००० साली चक्रव्यूहभर प्लाझ्मोडियम पसरू दिला आणि दोन टोकांना अन्न ठेवले. बंद वाटांमधला भाग त्याने आखडून घेतला आणि अन्नांना जोडणारी सर्वांत आखूड वाट उरली. ज्या शिरेतून जास्त प्रवाह जातो ती रुंदावते, कमी जातो ती बारीक होऊन मिटते. सगळा निर्णय या एका नियमातून होतो. २०१० मध्ये तोक्योभोवतीच्या ३६ शहरांच्या जागी ओट्स ठेवून केलेल्या प्रयोगात याच नियमाने तिथल्या रेल्वेजाळ्याशी तुलना करता येईल असे जाळे विणले गेले. याला विचार म्हणण्याची गरज नाही, आणि नियम साधा आहे म्हणून त्याचे मोलही कमी होत नाही.

प्रश्न: मोलेंच्या परिसरात निसर्गनोंदी करतो. स्लाइम मोल्ड कुठे शोधावेत आणि नमुने कसे टिकवावेत? (निसर्गप्रेमी, सांगे)

उत्तर: अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका, फोटो आणि नोंद पुरेशी आहे. नमुने गोळा करायला खासगी बागा आणि काजूची जुनी लाकडे चांगली.

संततधारेत शोधू नका, नाजूक बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, धुऊन जातात. पावसाने दोन-तीन दिवस उसंत दिली की बघा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर तर हमखास. साल सुटू लागलेला ओंडका निवडा आणि त्याची खालची बाजू पाहा. दहापट भिंग लागेल. विजेरी तिरपी धरली की मिलिमीटरभर देठांच्या सावल्या पडतात आणि नजर स्थिरावते. गुलाबी, नंतर करड्या होणाऱ्या वाटाण्याएवढ्या गोळ्या म्हणजे लायकोगाला. तपकिरी केसांचे उभे झुबके म्हणजे स्टेमोनायटिस. पांढरे, बर्फाच्या सुयांसारखे दिसणारे सेराटिओमिक्सा, याचे बीजाणू आत नसून बाहेरच्या बाजूला येतात. कुळागरात उन्हाळ्यातही शिंपण चालते, म्हणून तिथे कोरड्या महिन्यांतही पाहायला हरकत नाही.

पांढरट, ओलसर, अजून घडत असलेला नमुना उचलून लगेच सुकवला तर तो आक्रसतो आणि ओळखता येत नाही. असा सापडला तर लाकडासकट ओलसर डब्यात ठेवा, न हलवता. बहुधा रात्रीत पक्व होतो. पक्व नमुना सावलीत चार-पाच दिवस सुकवा, लाकडाचा तुकडा काडेपेटीच्या तळाला गोंदाने चिकटवा, आणि पेटीवर जागा, तारीख, कुठल्या झाडाचे लाकूड हे लगेच लिहा. आठवड्याभरासाठी बंद पिशवीत डीप फ्रीझरमध्ये ठेवल्यास त्यातले किडे मरतात. आपल्या दमट हवेत पेट्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्या लागतात. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरा.

काहीच सापडले नाही तर वाळलेली साल घरी आणा. पेट्रीबशीत गाळणकागद घालून त्यावर सालीचे तुकडे एका थरात मांडा, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण बुडवा, २४ तासांनी जादा पाणी ओतून टाका, खिडकीपाशी थेट ऊन लागणार नाही असे ठेवा. गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी १९३३ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बघायला लागा. काही जाती आठवड्यात येतात, काही दोन-तीन महिन्यांनी, म्हणून साल कोरडी पडू लागली की पाणी शिंपडत राहा आणि बशी लवकर रिकामी करू नका.